मुकादमाची जागा

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी इस्पितळाच्या धुलाईघरात मुकादमाची जागा रिकामी झाली. आम्ही दोघी जावा तिथेच चादरींना इस्त्री करायचो. जागा माझीच, असं मी धरून चालले होते. एक दिवस इस्पितळाच्या मोठ्या बाई मुकादम निवडायला अचानक आल्या. "इथलं काम कसं चालतं, सांगा बघू!" मी आपली चादरीवर इस्त्री फिरवतच राहिले. धाकटी जाऊ मात्र न अडखळता बोलली आणि जागा तिला मिळाली.

"पाठ करून आली होतीस काय गं?" मी जळफळत विचारलं.

"छे हो, जाऊबाई! तुमचे हात जे करत होते, तेच सांगत गेले."

म्हणजे हात माझे आणि नाव तिचं! मी आणखीच पेटले.


ती जागा मला मिळाली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात, धाकटी जाऊ वारली तेव्हा.