एकच हिसका

केतकीने कुलपाला एकच हिसका दिला आणि हात मागे घेतला. एरवी अकरा द्यायची. मध्येच मोजणी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. त्यापायी एक नोकरी गेली होती, आणि हल्ली तर अंथरुणातून उठायच्या आधीच त्या कुलपाचा शीण यायचा.

"एकदाच ओढायचं आणि निघायचं," समुपदेशक मॅडम म्हणाल्या होत्या. "मन ओरडू दे. खात्री करून घ्यायची नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून तर मुळीच नाही."

मन ओरडतच होतं. कठडा घट्ट धरून ती एकेक पायरी उतरली. खालच्या मजल्यावर खांबेटे काकू चहाचं गाळणं हातात घेऊन दारातच उभ्या होत्या.

"अगं, निघालीससुद्धा? तुझं कुलूप अकरा वेळा वाजलं की मी चहा गाळते. आज एकदाच वाजलं, मी आपली वाट बघत बसले. चहा उकळून कडू झाला!"

इतके दिवस तिला वाटायचं, कुणाला कळत नाही. केतकीचे कान तापले.

काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि अगदी मायेनं विचारलं, "कुलूप नीट लागलंय ना गं? मी वर जाऊन बघू का?"

नुसतं 'हो, बघा' म्हटलं की सुटका होती. तिचे पायसुद्धा वरच्या जिन्याकडे वळले होते.

"लागलं असेल, काकू," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "नसेलही."

आणि पुढची पायरी उतरली.