मालकांच्या गाडीचा खडखडाट

आमच्या मालकांची गाडी गल्लीच्या तोंडाशी हळू झाली, की तिचं इंजिन डब्यात खडे हलवल्यासारखं खडखडायचं. गिऱ्हाइकं हसायची, "गॅरेजवाल्याचीच गाडी अशी? दिव्याखाली अंधार!" शेवटी मी आणि आमच्या पेंटरने मनावर घेतलं. रविवारी मालकांकडून चावी मागून घेतली, खडखडाटाचं मूळ असलेला कॅमशाफ्टचा झिजलेला अ‍ॅक्च्युएटर काढून नवा बसवला, टायमिंगच्या खुणा तीनतीनदा ताडून पाहिल्या. इंजिन इतकं गप्प झालं, की ते सुरू आहे का हे बोनेटला हात लावून बघावं लागलं.

सोमवारी सकाळी पेंटर नेहमीसारखा मालकांच्या खुर्चीत बसला आणि टेबलावर पाय टाकून हुबेहूब मालकांसारखा खेकसला, "गाढवांनो, मी नसलो की तुमचे हात चालत नाहीत का रे?" मी हसून हसून टायरांच्या ढिगावर आडवा झालो. घाई कसलीच नव्हती. खडखडाट ऐकू आला की उठायचं आणि पाने हातात घ्यायचे, हा आमचा वर्षानुवर्षांचा नियम.

"फक्कड काम केलंत रे," दारातून मालक म्हणाले. "अजिबात आवाज येत नाही."