बाबांचं बटण

मेमरी चिपवर लिहिणारा ड्रायव्हर, म्हणजे सॉफ्टवेअरचा छोटा तुकडा, आमच्या कंपनीच्या चौदा वस्तूंत एकच आहे, आणि तो मी सांभाळते. माझ्या टीममधला क्लेटन म्हणाला होता, "सुखदा, एकाच जागी सारखं लिहिलं तर चिप झिजेल. जागा बदलत लिहूया."

मी त्याचा कोड परत पाठवला. "दहा हजार वेळा लिहिल्यावर झिजते, मित्रा. घरातलं बटण इतक्या वेळा कोण दाबतं?"

त्याच ड्रायव्हरवर मी नाशिकला एकट्या राहणाऱ्या बाबांना एक डबी करून दिली होती. माझी आठवण आली की त्यांनी बटण दाबायचं. चिपमधला आकडा एकाने वाढायचा, डबीवर हिरवा लाइट लागायचा आणि इकडे सिडनीत, पॅरामॅटाला माझ्या टेबलावरचा दिवा उजळायचा.

मग कोविड आला, ऑस्ट्रेलियाची बॉर्डर बंद झाली. वर्षभराने बाबा फोनवर म्हणाले, "अगं, हिरवा लाइट लागत नाही आता."

"बग असेल बाबा. वीकेंडला बघते."

त्या वीकेंडला बाबा ऑक्सिजनवर होते. सोमवारी गेले.

बॉर्डर उघडल्यावर नाशिकला जाऊन मी ती डबी लॅपटॉपला जोडली. ड्रायव्हरमध्ये बग नव्हता. चिप झिजली होती. आकडा दहा हजार दोनशे सत्तेचाळीसवर थांबला होता.



माझ्या टेबलावरचा दिवा मी वर्क फ्रॉम होमच्या पहिल्याच आठवड्यात, मीटिंगमध्ये सारखा डोळ्यांवर येतो म्हणून, काढून ड्रॉवरमध्ये टाकला होता.