प्रार्थना चालू आहे

जेवणाआधीची प्रार्थना सुरू झाली की मध्ये कुणी चकार शब्द काढायचा नाही, हा शांतवनरावांचा घरातला नियम. त्यामुळे लेकीला झापायला त्यांना याहून सोयीची वेळ कुठली?

"हे दयाळू बापा, माझ्या या लेकीला, दीनाला, सुबुद्धी दे," डोळे मिटून त्यांनी आवाज चढवला. "काल उपासना बुडवून मैत्रिणीकडे गेली. वर मलाच उलट बोलली, म्हणून हात उचलावा लागला. आईनंच लाडावून ठेवलीय. त्या आईलाही क्षमा कर. आमेन."

त्यांच्यामागून कुणीच आमेन म्हटलं नाही. दीनाचा गाल अजून सुजलेला होता.

"सगुणा, आता तू कर," ते गुरकावले.

सगुणाबाई रोज दोन वाक्यांत आटपायच्या. आज त्यांनी आधी दीर्घ श्वास घेतला.

"प्रभू, यांनी मला मारलं, तेव्हा तेव्हा तुझीच इच्छा म्हणून मी सोसत आले. पण काल लेकीचा गाल शेकताना कळलं, की तुझी इच्छा यात कधी नव्हतीच."

शांतवनरावांनी खाडकन डोळे उघडले. "काय बरळतेस गं?"

"पप्पा, प्रार्थना चालू आहे," दीना मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली.

सगुणाबाईंचा आवाज जराही हलला नाही. "सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी माझ्या भावाकडे निघालोय. हे मागे आले, तर भावाला दार न उघडायची ताकद दे. आणि यांची रोजची भाकर उद्यापासून तूच बघ."

"आमेन," दीना म्हणाली.