आठ शतांश

बोल्टची लांबी एकेचाळीस पूर्णांक पस्तीस मिलिमीटर भरली. मार्नीने मायक्रोमीटर सैल केला, बोल्ट फडक्यावर ठेवला, हाताची ऊब निघून जाईपर्यंत थांबली आणि पुन्हा मोजला. पस्तीसच. गेल्या वर्षीच्या वहीत तिच्याच अक्षरात एकेचाळीस पूर्णांक सत्तावीस लिहिलेलं होतं. फरक आठ शतांशाचा, एका केसाच्या जाडीएवढा.

तिने डब्यातला दुसरा बोल्ट घेतला.

"अजून मोजतेच आहेस?" तिचा थोरला भाऊ नॅझ पास्तित्सींचा, चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्यांचा, पुडा घेऊन शेडमध्ये शिरला. बाहेर ब्लॅकटाउनचं जानेवारीतलं, इकडच्या ऐन उन्हाळ्यातलं ऊन होतं. पत्रा तापून कुरकुरत होता. "तीन आठवडे रॉडच ठरवतेयस, मार्नी. एवढ्यात लोकांची लग्नं ठरतात."

टेबलावर दोन नवे कनेक्टिंग रॉड शेजारी शेजारी पडले होते. पिस्टनला क्रँकशी जोडणारा पोलादी दांडा, सहा सिलिंडरांना सहा. एक सडपातळ, मागच्या इंजिनात होता तसाच. दुसरा दणकट. त्यांच्या शर्यतीच्या गाडीच्या इंजिनाच्या नव्या ब्लॉकसाठी पिस्टन ठरले होते, टर्बो ठरला होता. रॉड तेवढा अडला होता.

"जाडाच घे," नॅझ म्हणाला. "म्हणजे आवळताना जरा इकडेतिकडे झालं तरी खपून जाईल. आणि तुझं झालं की पलीकडच्या गॅरेजातला डॅरेन एकदा सगळे बोल्ट तपासून जाईल. मी गेल्याच आठवड्यात सांगून ठेवलंय त्याला. तुझ्याच मनाला बरं."

त्याने एक पास्तित्सी तिच्यापुढे सरकवली. तिने तिसरा बोल्ट मोजला. छत्तीस.

मे महिन्यातल्या शर्यतीत चौथ्या सिलिंडरचा बोल्ट तुटला आणि रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. नॅझ गाडीतून उतरायच्या आत मार्नीच म्हणाली होती, माझ्या हातून ढिला राहिला असेल. नॅझने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. माणूस आहे, होतं असं, असं तो त्या संध्याकाळी सगळ्यांना समजावून सांगत होता. तेव्हापासून तिच्याकडे कुणी इंजिन बांधायला दिलं नव्हतं, आणि कुणी दिलं असतं तरी तिने घेतलं नसतं. आठ महिने ती गवत कापायच्या यंत्रांची दुरुस्ती करत होती. हे नवं इंजिन दोघांच्याच गाडीचं, म्हणून तिने पुन्हा हात घातला होता. वाचलेले पाच रॉड, प्रत्येकाच्या दोन बोल्टांसकट, तिने बिस्किटांच्या डब्यात भरून फळीवर ठेवले होते. नवा रॉड निवडायचा तर जुन्यांनी किती सोसलं ते बघायला हवं, म्हणून तो डबा आज पहिल्यांदा उघडला होता.

दहावा बोल्ट पस्तीस भरला. तिने आकडा लिहिला आणि पेन्सिल खाली ठेवली.

"सगळे वाढलेत," ती म्हणाली. "दहाच्या दहा."

"उन्हाने वाढले असतील. बघ ना काय तापलंय."

"उन्हाने एक शतांश वाढतो. हे आठ आहेत, काही नऊ."

नॅझ पुड्याच्या कागदाची घडी घालू लागला.

"एक ढिला राहिला असता तर तो एकटा गेला असता," मार्नी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "बाकीचे होते तसे राहिले असते. सगळे सारखे ताणले जातात ते इंजिन भलतंच पळवलं तर. आपण मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांवर थांबायचं ठरवलं होतं. किती झाल्या होत्या?"

"मी काय काट्याकडे बघत बसलो होतो?"

"नॅझ."

त्याने कागदाची आणखी एक घडी घातली. ती बसेना.

"तिसऱ्या गिअरमधून चौथा टाकायला गेलो," तो म्हणाला. "दुसरा पडला, फेऱ्या एकदम चढल्या. एकदाच, मार्नी. क्षणभर."

"तुला कळलं होतं?"

"आवाजावरूनच कळलं."

"तेव्हाच?"

"तेव्हाच." त्याने मान वर केली. "पण मी उतरेपर्यंत तू बोलूनही मोकळी झाली होतीस. मीच चुकले असेन म्हणालीस. मी काही म्हणालो होतो का? सगळे उभे होते तिथे. वीस वर्षं चालवतोय मी ही गाडी. चौथ्याऐवजी दुसरा टाकला असं सांगू? पोरंटोरंसुद्धा हसली असती."

"आणि डॅरेन?"

"डॅरेनचं काय?"

"माझे बोल्ट तपासायला तू त्याला सांगितलंस. गेल्या आठवड्यात. सगळं माहीत असताना."

नॅझने कागद खिशात कोंबला. पत्रा पुन्हा कुरकुरला. मार्नीने दहा बोल्ट एकेक करून पुसले आणि डब्यात ठेवले. मग दणकट रॉड उचलून खोक्यात घातला, झाकण लावलं आणि खोकं त्याच्या बाजूला सरकवलं. टेबलावर सडपातळ रॉड एकटा उरला.

"चिडू नकोस गं," तो म्हणाला. "शर्यत सात आठवड्यांवर आलीय. काय घालायचं ते एकदाचं सांग."

"मागच्यासारखेच," मार्नी म्हणाली. "नवे, पण तसेच रॉड, तसेच बोल्ट. आवळणार मी, तपासणारही मीच. गाडी आपल्या दोघांच्या नावावर आहे, नॅझ. या वेळी गिअरच्या दांड्यावर तुझा हात नसेल."