वाटीतली मुंगी

मुंगी मेली होती. गोजराबाईंनी पितळेची वाटी ओसरीवर बसलेल्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवली.

"पाहा. कालच्यावानी आजबी दुधात सोडली तं मेली. सुनेचं दूध इखारी हाये."

डॉक्टरीणबाई नागपूरहून मेडशीला आल्या होत्या त्या दुधासाठीच. बाळंतिणींच्या दुधात काय असतं, कोणाच्या दुधावर मूल बाळसं धरतं आणि कोणाच्या नाही, हे त्यांना शोधून काढायचं होतं. म्हणजे दोघींचा प्रश्न एकच होता. फक्त डॉक्टरीणबाईंना उत्तराची घाई नव्हती.

आत बाळ रडत होतं. कालपासून त्याला बोळ्यानं शेळीचं दूध चाललं होतं आणि ते त्याच्या पोटात ठरत नव्हतं. त्याची आई, पंचफुला, दाराची चौकट धरून उभी होती. रडणं वाढलं की तिच्या पदरावरची ओल आणखी पसरायची, आणि ती लाजून पदर सावरायची.

"मुंगी पाण्यातसुद्धा बुडून मरते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"शेजारच्या रुपाबाईच्या दुधात नाही मेली. चालत काठाले आली."

डॉक्टरीणबाईंनी पेटीतून काचेची नळी काढली, वाटीतलं थोडं दूध तिच्यात घेतलं, बूच लावलं. "हे नागपूरला तपासते. दोन महिन्यांत कळवते."

"दोन महिने?" गोजराबाईंनी आतल्या दाराकडे पाहिलं. "तवलोक लेकरू राह्यलं तं पायजे."

गोजराबाई दुष्ट नव्हत्या. नातवाला मांडीवर घेऊन जागून जागून त्यांचे डोळे सुजले होते.

"बाई, सासूबाईले सांगा ना," पंचफुला पहिल्यांदाच बोलली. "छाती दगडावानी झाली माही."

डॉक्टरीणबाई पेटी बंद करायला गेल्या आणि थांबल्या. त्यांच्या नळ्या दुधातली स्निग्धता सांगत, साखर सांगत. विष नाही हे सांगणारी नळी त्यांच्याकडे नव्हती. त्यांना चीड आली, गोजराबाईंची, मुंगीची, सगळ्यात जास्त त्या पेटीची. त्यांनी नखानं मुंगी काढून टाकली आणि वाटी तोंडाला लावून रिकामी केली.

जमलेल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. बामणाची बाई, आणि कुणब्याच्या बाळंतिणीचं दूध!

"आता बघा माझ्याकडे," ओठ पुसत त्या म्हणाल्या. "मला काही झालं तर नका पाजू."

सगळ्या बघत बसल्या. आतला आवाज आता घोगरा झाला होता. डॉक्टरीणबाईंनी स्वतःही एकदा पोटावर हात ठेवून पाहिला.

गोजराबाई जवळ सरकल्या. "कसं लागलं?"

"गोड."

गोजराबाईंनी रिकाम्या वाटीत पाहिलं. मग उठल्या, बाळाला आतून घेऊन आल्या आणि पंचफुलाच्या ओटीत दिलं. पंचफुला भिंतीकडे तोंड करून खाली बसली. रडणं थांबलं.

बायका एकेक करून निघाल्या. गोजराबाई पुन्हा वाटीपाशी येऊन बसल्या. मेलेली मुंगी सारवणाला चिकटली होती. ती त्यांनी बोटानं सोडवली.

"माह्या पयल्या लेकाच्या वक्ताले माह्याबी वाटीतली मेलती," त्या म्हणाल्या. "सासूनं पाजू नाही देल्लं. गेलं लेकरू. मीबी कधी चाखून नाही पाह्यलं."