न जुळणारं वर्ष

दोन देशांमधल्या कागद-पुठ्ठ्याच्या व्यापाराचे वीस वर्षांचे आकडे कारकूनबाई ताडून पाहत होत्या. आपण जेवढ्याचा माल पाठवला, तेवढ्याचाच शेजाऱ्याकडे पोचलेला. फक्त एका वर्षी आपला पुठ्ठा दहापट गेला होता आणि तिकडच्या रकान्यात काहीच वाढ नव्हती.

त्याच वर्षी पुठ्ठा घेऊन निघालेला त्यांच्या ड्रायव्हर नवऱ्याचा ट्रक सरहद्दीवर पेटला. त्याच्याच सिगारेटने आग लागली, असं ट्रकचा मालक म्हणाला. तेव्हापासून बाई त्या गेलेल्या माणसालाच बोल लावत आल्या होत्या.

"साहेब, हे एवढंच वर्ष का जुळत नाही?"

नव्या साहेबांनी कागदावरून नुसती नजर फिरवली.

"तेव्हा तिकडे लढाई होती ना, बाई. पुठ्ठ्याच्या नावाखाली दारूगोळा जायचा. ड्रायव्हर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं."